एका पक्वान्नाचे जन्मगाव

सीमा आणि पाणी यांवरून भांडणारे शेजारी जगात पुष्कळ आहेत. इटलीच्या ईशान्येकडील व्हेनेतो आणि फ्रियुली-व्हेनेत्सिया-जुलिया हे दोन शेजारी प्रांत २०१७ साली भांडले, ते एका पक्वान्नाच्या जन्मगावावरून.

त्या पक्वान्नाचे नाव तिरामिसू. ‘मला वर उचल’ हा त्या नावाचा अर्थ. थकल्याभागल्यास उभारी आणणारे, हा आशय. कडक कॉफीत भिजविलेली लांबट, हलकी बिस्किटे, त्यांवर अंड्याचा बलक, साखर व मास्कार्पोने यांचे फेसलेले मिश्रण, पुन्हा तसेच थर आणि वर कोकोची पूड, एवढीच त्याची रचना. मास्कार्पोने हे मूळचे लोंबार्दी प्रांतातील मऊ चीज. साय तापवून तीत आंबट घालावयाचे आणि ती दाटली म्हणजे फडक्यात निथळत ठेवावयाची. निथळण्याची ही रीत चक्का करणाऱ्या गृहिणीच्या परिचयाची आहे.

व्हेनेतोतील त्रेव्हिझो शहरात आदो काम्पेओल यांचे एक प्रसिद्ध भोजनगृह होते. त्यांची पत्नी आल्बा आणि आचारी रोबेर्तो लिंग्वानोत्तो यांनी हा पदार्थ सिद्ध केला व १९७२ साली तो तेथील यादीत आला, असे त्रेव्हिझोकर सांगतात. २०१० साली तेथील पाककृती रीतसर नोंदविण्यात आली: १२ बलक, अर्धा किलो साखर, एक किलो मास्कार्पोने आणि ६० बिस्किटे. मद्याचा त्यात थेंबही नाही. फ्रियुलीकरांचे म्हणणे निराळे. तोल्मेत्सो गावच्या एका हॉटेलात नोर्मा पिएल्ली ही बाई हे पक्वान्न आधीपासून करीत असे, आणि त्याचा पुरावा म्हणून ते १९५९ सालचे बिल दाखवितात. २०१७ मध्ये इटलीच्या कृषिखात्याने आपल्या पारंपरिक पदार्थांच्या सूचीत तिरामिसू फ्रियुलीच्या नावे घातले, तेव्हा व्हेनेतोचे प्रांतप्रमुख लुका झाइया यांनी जाहीर निषेध केला.

दोन्ही दावे दुसऱ्या महायुद्धानंतरचे आहेत, आणि त्यास कारण आहे. बलक, साखर, कॉफी, बिस्किटे या वस्तू त्या मुलखात शतकानुशतके होत्या; व्हेनिसमधील फ्लोरियान हे कॉफीगृह १७२० सालचे. परंतु तिरामिसू चुलीवर शिजत नाही. ते काही तास थंडीत मुरावे लागते, आणि इटलीत घरोघरी शीतकपाट पोचले ते युद्धानंतरच. घरी करणाऱ्याने आजही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. बलक कच्चाच राहत असल्याने अंडी अगदी ताजी असावीत, आणि बिस्किटे कॉफीत क्षणभरच बुडवावीत. अधिक वेळ राहिली तर त्यांचा लगदा होतो.

मात्र या दोन्ही दाव्यांच्या मागे आणखी जुनी एक वाटी आहे. व्हेनेतोच्या घरांत साखरेसह फेसलेला बलक आजारातून उठलेल्यास आणि बाळंतिणीस देत. त्यास ‘स्बातुदीन’ म्हणत. आल्बा बाळंत झाल्या तेव्हा त्यांनाही असाच बलक कॉफी घालून दिला जाई व त्यावरूनच पुढची कल्पना सुचली, अशी काम्पेओल घराण्याची हकीकत आहे. ती वाटी प्रथम कोणी भरली, हे कोणत्याही दप्तरात नाही. आपल्याकडील डिंकाच्या लाडवाचे किंवा अळिवाच्या खिरीचे जन्मगाव तरी कोणी विचारले आहे?

घरातील अन्नाला करणारीचे नाव लागत नाही. ते भोजनगृहात आले, त्याला किंमत लागली, म्हणजे मग हक्क उत्पन्न होतो, साक्षी-पुरावे निघतात. काम्पेओल कुटुंबाने ते भोजनगृह २०१४ साली बंद केले. आदो काम्पेओल २०२१ मध्ये आणि लिंग्वानोत्तो २०२४ मध्ये निवर्तले. त्यांच्या श्रमांची नोंद झाली, हे योग्यच झाले. परंतु अशक्ताला उभे करण्यासाठी बलक फेसणाऱ्या अनामिक स्त्रियांचे ऋण कोणत्याही सूचीत मावणारे नाही. पदार्थाच्या नावात मात्र त्यांचा हेतू अद्याप टिकून आहे.