शेवाळ आणि काचेतला समुद्र

काचेच्या टाकीत समुद्राचे पाणी भरावे, त्यात दगड आणि प्रवाळ मांडावेत, आणि काही आठवड्यांनी पाहावे तो काचेवर तपकिरी साय आणि दगडांवर हिरव्या केसांचे रान! ही हौस ज्यांनी केली आहे त्यांना हे दृश्य नवे नाही. शेवाळ म्हणजे बाहेरून घुसलेला शत्रू, अशीच त्यांची समजूत होते. परंतु घरगुती समुद्राचा इतिहास चाळला, तर प्रारंभीच्या मंडळींनी ह्या शत्रूच्या सोयऱ्यांना मुद्दाम आमंत्रण दिले होते, असे आढळून येते.

१८४६ साली अ‍ॅना थिन ह्या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे पाणी वारंवार मिळणे कठीण. म्हणून आहे तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात हवा मिसळावी लागे. ह्या कामात घरातील मोलकरणीचेही हात राबले. शास्त्राच्या इतिहासात अशा हातांची नावे सहसा येत नाहीत! पुढे बाईंनी त्या पाण्यात समुद्रवनस्पती सोडल्या. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यात तोच मेळ दाखवून दिला : मासे श्वासाने जो वायू सोडतात तो वनस्पती घेतात, वनस्पती प्राणवायू देतात, आणि कुजलेली पाने व बुळबुळीत शेवाळ गोगलगायी फस्त करतात. फिलिप हेन्री गॉस ह्यांनी १८५४ साली ग्रंथ लिहून ही हौस घरोघर पोहोचवली. काचेवरील हिरवा थर समुद्रातले छोटे शंख आपल्या दातेरी जिभेने कसा खरवडतात, हे त्यांनी मोठ्या कौतुकाने न्याहाळले आहे.

त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता. त्यांनी वायूंचा जमाखर्च मांडला. खाद्याचा मांडला नाही. माशांना घातलेला घास टाकीतच राहतो. त्याच्या विष्ठेतून व कुजण्यातून अमोनिया होतो, सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, फॉस्फेट मागे साचते. आणि वरून उजेड पडला की हे सारे शेवाळाचे खत ठरते. आजच्या नवशिक्याची अडचण नेमकी हीच आहे.

विल्यम आल्फर्ड लॉइड ह्यांनी दुसरा मार्ग शोधला. हॅम्बुर्गच्या (१८६४) आणि पुढे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या (१८७१) मत्स्यालयांची व्यवस्था त्यांनी पाहिली. दर्शनी टाक्यांपेक्षा कितीतरी अधिक पाणी जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदात ठेवावयाचे आणि ते अखंड फिरवावयाचे. अंधारात शेवाळ वाढेना, पाणी स्वच्छ राही. थंड समुद्रातील मासे आणि समुद्रफुले ह्या युक्तीने सुखाने नांदली. पण उष्ण कटिबंधातील भित्ती रचणाऱ्या प्रवाळांचे काय? त्यांच्या अंगातच एकपेशीय शैवाल राहते आणि प्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला पुरवते. दिवा मालवला तर शत्रूबरोबर पाहुणाही उपाशी मरावयाचा!

ह्या पेचातून वाट दाखवली ती जाकार्ताच्या ली चिन एंग ह्यांनी. १९६१ साली त्यांनी आपली पद्धत एका अमेरिकन मासिकात प्रसिद्ध केली. समुद्रातून जीवजंतूंसकट उचललेले दगड, हवेचे थोडे बुडबुडे आणि उजेड, एवढाच त्यांचा सरंजाम. खरे काम करीत तो दगडांच्या छिद्रांत वसलेला अदृश्य संसार. पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी ह्यांनी तर शेवाळालाच नोकरीस ठेवले. टाकीबाहेरच्या जाळीवर, तीव्र प्रकाशात आणि उसळत्या पाण्यात, ते मुद्दाम वाढवावयाचे व ठरावीक दिवसांनी खरवडून फेकावयाचे. त्याबरोबर पाण्यातले नायट्रेट-फॉस्फेटही निघून जाते. वॉरिंग्टनचा जमाखर्च येथे कुठे पुरा झाला, असे मला वाटते.

आपल्याकडे मात्र ली ह्यांचे अनुकरण करता येणार नाही. कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे. जिवंत प्रवाळाचा हव्यास सोडून कोरडे दगड, मीठ आणि दोन-चार मासे घेऊन समुद्र थाटावयाचा, तर तो वसावयाला महिने लागतात. प्रथम डायटमांची तपकिरी धूळ येते, मग हिरवे केस. घाबरून सगळे पाणी फेकणारे किंवा औषधाची बाटली रिकामी करणारे दगडांत नुकताच वसू लागलेला तो अदृश्य संसारही उधळून टाकतात. नळाच्या पाण्यातूनही नायट्रेट-फॉस्फेट येऊ शकते, म्हणून मीठ विरघळवावयाचे ते गाळणयंत्रातून काढलेल्या शुद्ध पाण्यात, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम ह्या प्रमाणात. मासे थोडे, घास त्याहून थोडा, दिवा ठरलेले तास. आणि आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलताना बाह्या सरसावून हिरवे केस हाताने उपटावयाचे, मुठीमुठीने, टाकीबाहेर.