ताडोबा, हेमलकसाला जाताय? भाड्याची गाडी किती मोठी घ्यायची, हे असं ठरवा

नागपूरला उतरायचं, ताडोबात वाघ बघायचा, पुढे गडचिरोलीतून हेमलकशाला जाऊन यायचं. मुंबई-पुण्यातले अनेक ग्रुप सध्या अशी सहल आखतात. सफारीचं बुकिंग आणि मुक्काम यावर आठवडाभर चर्चा होते. गाडीचा विषय मात्र एका ओळीत संपतो : आपण सात जण, म्हणजे सात सीटर.

इथेच हिशेब चुकतो. सात सीटर टॅक्सीत सात प्रवासी बसत नाहीत. जेवढे बसतात, तेवढ्यांच्या बॅगाही मावत नाहीत. आणि आलापल्लीच्या पुढचा रस्ता किती सीट आहेत हे बघत नाही, गाडी जमिनीपासून किती उंच आहे हे बघतो.

मग योग्य आकाराची गाडी कशी निवडायची? जाणून घेऊया.

सात सीटरमध्ये नेमके किती जण बसतात?

सीटच्या आकड्यात ड्रायव्हरही मोजलेला असतो. म्हणून टॅक्सीवर ४+१, ६+१ असं लिहिलेलं दिसतं. डिझायरसारखी सेडान म्हणजे चार प्रवासी. अर्टिगा म्हणजे सहा प्रवासी.

मोटार वाहन कायद्यातही हीच रेघ आहे. ड्रायव्हर सोडून जास्तीत जास्त सहा प्रवासी नेणारी भाड्याची गाडी 'मोटार कॅब' ठरते. सहाहून अधिक आणि बारापर्यंत प्रवासी असतील, तर ती 'मॅक्सी कॅब'. त्यामुळे सातवा माणूस वाढला की गाडीचा वर्गच बदलतो.

'एवढ्याने काय होतं, मागे सरकून बसू' हा उपाय महाग पडू शकतो. कायद्याच्या कलम १९४ अ नुसार क्षमतेपेक्षा जास्त बसवलेल्या प्रत्येक प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे. दंड छोटा वाटेल. पण जादा प्रवासी उतरवून त्यांच्यासाठी दुसरी गाडी मिळेपर्यंत ती टॅक्सी पुढे सोडायची नाही, असंही हेच कलम सांगतं. आष्टी ते आलापल्लीच्या मध्ये कुठे ही वेळ आली, तर दुसरी गाडी शोधायची कुठून?

लहान मुलांनाही एक सीट धरूनच मोजा. १४ वर्षांखालच्या मुलांना सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल, तर १००० रुपये दंडाची तरतूद आहे. टॅक्सीत चाइल्ड सीट सहसा नसते, ती घरून आणावी लागते. ती मधल्या रांगेत बसवली, की मागच्या रांगेत जायची वाट अडते. आधी हे लक्षात घेतलं नाही, तर आजी-आजोबांना मागे चढवताना तारांबळ उडते.

बॅगांचं गणित का चुकतं?

गाडी मोठी म्हणजे डिकी मोठी, असा आपला समज असतो. तीन रांगांच्या गाड्यांत नेमकं उलट होतं.

डिझायरची डिकी साधारण ३८० लिटरची आहे. अर्टिगाची तिसरी रांग उघडी असेल, तर मागे उरते २०९ लिटर जागा. ती रांग घडी केली की हीच जागा ५५० लिटर होते, पण मग दोन सीट गेल्या. इनोव्हा क्रिस्टाच्या सगळ्या सीट वापरात असताना मागे साधारण ३०० लिटर जागा राहते. म्हणजे माणसं भरलेल्या सात सीटरपेक्षा छोट्या दिसणाऱ्या सेडानमध्ये जास्त सामान जातं.

आता बॅगा बघा. विमानात हातात नेता येणारी छोटी ट्रॉली बॅग ३५ ते ४० लिटरची असते. मधल्या आकाराची ६५ ते ७० लिटरची. कागदावर २०९ लिटरमध्ये मधल्या आकाराच्या तीन बॅगा बसतात. प्रत्यक्षात डिकीचा आकार अरुंद आणि उभा असल्यामुळे दोनच नीट बसतात. सहा जणांच्या सहा बॅगा असतील, तर उरलेल्या चार मांडीवर किंवा टपावर.

त्यात गाडी सीएनजीवर चालणारी असेल, तर गॅसची टाकी डिकीतली बरीच जागा खाते. टॅक्सी म्हणून धावणाऱ्या अनेक सेडान सीएनजीवर असतात. म्हणून गाडी ठरवताना 'डिकीत सिलिंडर आहे का' हा प्रश्न विचारलाच पाहिजे. टपावर सामान ठेवायचं असेल, तर कॅरिअर आहे का आणि ताडपत्री-दोरी सोबत आहे का, हेही विचारून घ्या.

साधा नियम असा : सहा सीटच्या गाडीत सामानासह चार, फार तर पाच जण. सहा जण जायचंच असेल, तर प्रत्येकी एक मऊ सॅक. कडक ट्रॉली बॅगपेक्षा सॅक कोपऱ्यात कोंबता येते.

ताडोबासाठी मोठी एसयूव्ही लागते का?

नाही. ताडोबाच्या कोअर जंगलात आपली किंवा भाड्याची कार घेऊन सफारी करता येत नाही. सफारी वनविभागाकडे नोंदणी असलेल्या उघड्या जिप्सीतून होते. तुमची गाडी गेटपर्यंत नाहीतर रिसॉर्टपर्यंतच जाते आणि सफारीच्या वेळात उभी राहते.

नागपूर-वरोरा-भद्रावती-चंद्रपूर हा महामार्ग आहे. अंतर साधारण १५० किलोमीटर. चंद्रपूरहून मोहर्ली गेट जवळ पडतं. कोलारा गेटला नागपूरहून उमरेड, भिसी, चिमूर या बाजूने येता येतं. चार जणांना या दोन्ही वाटांवर सेडान पुरते. जंगलात फिरायचं म्हणून जास्त भाडं देऊन फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेण्यात अर्थ नाही.

जिप्सीचा आकडा मात्र गाडी ठरवताना उपयोगी पडतो. एका जिप्सीत गाईड आणि चालक सोडून सहा पर्यटक बसतात. म्हणजे टॅक्सीसारखाच इथेही सहाचा हिशेब. सातवा माणूस आला की दुसरी जिप्सी आणि मोठी गाडी, असे दोन्ही खर्च वाढतात. ग्रुपमध्ये 'अजून एक जण येऊ दे का' असं कुणी विचारलं, तर हो म्हणण्याआधी ही बेरीज करा.

आलापल्लीच्या पुढे काय बदलतं?

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. गडचिरोली शहर, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं शोधग्राम, वैनगंगेकाठचं मार्कंडा मंदिर या ठिकाणी सेडानने आरामात जाता येतं.

फरक पडतो तो दक्षिणेकडे. आष्टी, आलापल्ली आणि एटापल्लीच्या पट्ट्यात सुरजागडच्या लोहखनिजाचे जड ट्रक धावतात. जड वाहतुकीच्या रस्त्यावर खड्डे पडायला वेळ लागत नाही. आलापल्लीहून भामरागडकडे वळलं की दाट जंगलातून साधारण ६० किलोमीटर जायचं असतं. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी उभा केलेला हेमलकशाचा लोक बिरादरी प्रकल्प याच रस्त्यावर, भामरागडच्या अलीकडे आहे.

इथे ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटापासून जमिनीपर्यंतची उंची, महत्त्वाची ठरते. डिझायरमध्ये ती १६३ मिलिमीटर आहे. ब्रेझासारख्या छोट्या एसयूव्हीत साधारण २०० मिलिमीटर. साडेतीन सेंटिमीटरचा फरक किरकोळ वाटतो. पण हा आकडा रिकाम्या गाडीचा असतो. चार मोठी माणसं, ड्रायव्हर आणि भरलेली डिकी घेऊन सेडान आणखी खाली बसते आणि खड्ड्यात किंवा उंच स्पीड ब्रेकरवर घासते.

दुसरा मुद्दा वेळेचा. नागपूर ते हेमलकसा हे अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे जातं. एवढा वेळ तिसऱ्या रांगेत बसणं मोठ्या माणसाला जड जातं. ही रांग मागच्या चाकांवर येते, त्यामुळे दणके जास्त बसतात आणि गुडघे वर येतात. सोबत ज्येष्ठ मंडळी असतील, तर तिसरी रांग मुलांसाठी आणि बॅगांसाठीच समजा.

पावसाळ्यात मोठी गाडी जास्त सुरक्षित असते का?

हा सगळ्यात धोकादायक गैरसमज आहे. भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही जवळपास दर पावसाळ्यातली बातमी असते. आलापल्लीच्या रस्त्यावरचे नालेही भरून वाहतात.

अशा वेळी 'आपली तर इनोव्हा आहे' म्हणून पाण्यात गाडी घालायची नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा इशारा असा आहे : एक फूट खोल वाहतं पाणी बहुतेक कार वाहून नेऊ शकतं, दोन फूट पाणी एसयूव्हीलाही वाहून नेतं. जास्त उंचीचा उपयोग खड्ड्यांसाठी, पुरासाठी नाही. पुलावर पाणी असेल तर थांबायचं, आणि त्यासाठी जुलै ते सप्टेंबरच्या सहलीत एक दिवस हाताशी ठेवायचा.

मोठ्या गाडीचं भाडं नेमकं कुठे वाढतं?

बाहेरगावच्या भाड्यात बहुतेक ठिकाणी दिवसाचे किमान किलोमीटर ठरलेले असतात, साधारण २५० किंवा ३००. गाडी उभी राहिली तरी तेवढे पैसे लागतात. वर ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग वेगळं.

समजा दिवसाला किमान २५० किलोमीटर ठरलं आणि सहल चार दिवसांची आहे. बिल किमान १००० किलोमीटरचं होणार. पण त्यातले दोन दिवस तुम्ही मोहर्लीला जिप्सीत असाल, तर मोठी गाडी नुसती उभी राहण्याचे पैसे घेते.

यावर उपाय आहे. नागपूरहून रेल्वेने चंद्रपूर किंवा बल्लारशाहला यायचं, गेटपर्यंत सोडायला छोटी गाडी सांगायची आणि हेमलकशाच्या दोन दिवसांसाठीच उंच, ऐसपैस गाडी घ्यायची. किलोमीटर गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात, त्यामुळे चंद्रपूरची गाडी घेतली तर नागपूरची जा-ये वाचते. सात-आठ जणांच्या ग्रुपने एका मोठ्या गाडीऐवजी दोन सेडानचा भावही विचारून बघावा. डिकीही दोन मिळतात.

नंबर प्लेटचा रंग का बघायचा?

पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसह भाड्याची टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने दिलेली गाडी. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी.

ओळखीतून स्वस्तात मिळणारी मोठी गाडी अनेकदा पांढऱ्या पाटीची असते. खासगी गाडी भाड्याने चालवणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर दावा नाकारू शकते. वाचलेले चार पैसे तेव्हा फार महागात पडतात.

सिरोंचाहून गोदावरी ओलांडून तेलंगणातल्या कालेश्वरमला जायचं असेल, तर टॅक्सीला त्या राज्याचं परमिट लागतं. ते आधीच सांगून ठेवा.

थोडक्यात, कुणी कोणती गाडी घ्यावी?

- दोन ते तीन जण, फक्त ताडोबा : वॅगनआरसारखी हॅचबॅक किंवा सेडान.
- चार जण, ताडोबा, मार्कंडा आणि गडचिरोली शहर : सेडान, शक्यतो डिकीत सिलिंडर नसलेली.
- तीन ते चार जण, हेमलकसा किंवा सिरोंचापर्यंत : ब्रेझासारखी उंच गाडी किंवा तिसरी रांग घडी केलेली अर्टिगा.
- पाच जण, सामानासह : अर्टिगा, मागची एक सीट घडी करून. लांबच्या रस्त्याला इनोव्हा.
- सहा जण : इनोव्हा आणि मऊ सॅक, किंवा टपावर कॅरिअर.
- सात ते बारा जण : टेम्पो ट्रॅव्हलर, नाहीतर दोन गाड्या.

अॅडव्हान्स देण्याआधी काय विचाराल?

- आरसीवर आसनक्षमता किती आहे? विमा आणि परमिट चालू आहे का?
- नेमकी हीच गाडी येणार, की 'तशीच दुसरी'? डिकी उघडून काढलेला फोटो मागवा.
- स्टेपनी, जॅक आणि पाना आहे का? आलापल्लीच्या पुढे अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, मदत बोलावता येईलच असं नाही.
- इंधन कोणतं? दक्षिणेकडे सीएनजीच्या भरवशावर राहू नका, अहेरी-आलापल्लीला पेट्रोल किंवा डिझेलची टाकी भरून घ्या.
- ड्रायव्हर या रस्त्यावर आधी आला आहे का? जंगलातल्या रस्त्यांवर वाघ, अस्वल, रानडुक्कर आडवे येतात, गडचिरोलीच्या उत्तर भागात २०२१ पासून रानटी हत्तीही आहेत. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचायचं, हे त्याच्याशी आधीच बोलून ठेवा.

आणि शेवटचं. गाडी सांगण्याआधी ग्रुपवर दोनच प्रश्न टाका : प्रत्येकाच्या बॅगा किती, आणि आपण सगळ्यात लांब कुठपर्यंत जाणार? ही दोन उत्तरं आली की गाडीचा आकार ठरवणं सोपं होतं.