चाई की नायटा? डोक्यावरचा गोल चट्टा कसा ओळखाल

डोक्यावर रुपयाएवढी जागा अचानक मोकळी दिसली की घरात लगेच म्हणतात, "कीड लागली." चाईत कुठलीच कीड नसते. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर हल्ला करते. तिथली कातडी गुळगुळीत राहते, खपली धरत नाही. काहींच्या नखांवर बारीक खड्डे दिसतात. थायरॉईडचा आजार असणाऱ्यांत चाई जास्त आढळते. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही, आणि छोटे चट्टे बरेचदा वर्षभरात आपोआप भरतात. सुरुवातीला पांढरे केस आले तर घाबरू नका.

लहान मुलांच्या डोक्यावरचा नायटा मात्र वेगळा. ही बुरशी. खाज येते, पापुद्रे सुटतात, केस मुळाशी तुटतात. फणी, टोपी, टॉवेलवरून ती भावंडांनाही लागते. बुरशी केसाच्या आत असते, म्हणून नुसत्या मलमाने भागत नाही. डॉक्टर काही आठवडे पोटातून औषध देतात. दुकानातून आणलेलं स्टिरॉईडचं मलम तर नायटा वाढवतं. कधी सूज येऊन पू होतो, लोक गळू समजून फोडायला जातात. तसं करू नका.

रोजच्या घट्ट वेणीनेही कपाळाकडेचे केस जातात. काही मुलं नकळत केस उपटतात. चट्टा चकचकीत असून केसांची छिद्रंच दिसत नसतील, तर त्वचारोगतज्ज्ञ लगेच गाठा. तिथले गेलेले केस सहसा परत येत नाहीत, उरलेले वाचवता येतात.

आणि लसूण चोळणं? त्याने कातडी भाजते.