८४ की १? संगणक-तज्ज्ञाच्या साक्षीवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर

एमएस्सीच्या प्रोजेक्टला असताना मी तब्बल तीन आठवडे एका चुकीच्या आलेखावर खूश होते. उपकरणातून येणारी फाइल वाचायला मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. फाइलच्या काही ओळींत एक रकाना रिकामा असायचा. अशा वेळी माझा प्रोग्रॅम पुढचाच आकडा उचलून तिथे बसवायचा. एका ज्युनिअरने तीच फाइल सहज एक्सेलमध्ये उघडली आणि विचारलं, "ताई, इथे तर काहीच नाहीये, मग तुझ्याकडे आकडा आला कुठून?" माझं नुकसान झालं ते तीन आठवड्यांचं, आणि थोडी लाज वाटली.

साधारण याच जातीची चूक २०११ साली अमेरिकेतल्या एका खून-खटल्यात झाली. तिथे सरकारी पक्ष आरोपीसाठी देहदंड मागत होता.

न्यायालयं यंत्रातून निघालेल्या आकड्यांवर विश्वास ठेवायला कधी आणि कशी लागली, हा माझ्या पीएचडीचा विषय. लोक विचारतात, यात इतिहास कुठे आहे? तर आज एका वर्षातले दोन खटले सांगते. एकात तज्ज्ञावर नको तितका विश्वास टाकला गेला, दुसऱ्यात तज्ज्ञाला बोलूच दिलं नाही. माझ्या मते दोन्हीकडची चूक एकच आहे.

पहिला खटला: ऑर्लँडो, फ्लोरिडा

केली अँथनी ही दोन वर्षांची मुलगी १६ जून २००८ नंतर कुणाला दिसली नाही. ती बेपत्ता असल्याची तक्रार पोलिसांकडे गेली १५ जुलैला, म्हणजे जवळजवळ महिन्याने, आणि तीही आजीने केली. डिसेंबरमध्ये घरापासून जवळच्या झाडीत तिचे अवशेष सापडले. आई केसी अँथनीवर खुनाचा खटला उभा राहिला आणि २४ मे २०११ रोजी प्रत्यक्ष सुनावणी सुरू झाली.

मृत्यू नेमका कसा झाला, हे शवविच्छेदनातून ठरवता आलं नव्हतं. त्यामुळे हे पूर्वनियोजित होतं असं दाखवायला सरकारी पक्षाला घरातल्या संगणकाचा मोठा आधार होता. मार्च २००८ मध्ये त्या संगणकावरून 'क्लोरोफॉर्म' असा शोध घेतला गेला होता. ब्राउझरचा इतिहास पुसलेला होता, पण पुसलेली फाइल डिस्कवरून लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा फक्त 'रिकामी' म्हणून नोंदली जाते. त्या रिकाम्या जागेतून तपासनिसांनी फायरफॉक्सच्या इतिहासाची फाइल परत मिळवली.

आणि मग न्यायालयात एक आकडा आला: ८४. क्लोरोफॉर्मची माहिती देणारं एक पान ८४ वेळा उघडलं गेलं, अशी साक्ष जॉन ब्रॅडली यांनी दिली.

ब्रॅडली कोण? पूर्वी कॅनडात पोलीस दलात होते आणि 'कॅशबॅक' नावाचं, ब्राउझरचा इतिहास वाचणारं सॉफ्टवेअर त्यांनी स्वतः बनवलं होतं. आता तुम्ही ज्युरीत बसला आहात अशी कल्पना करा. समोरचा माणूस पोलीस होता, आणि ज्या साधनाने तपास झाला ते साधनच त्याने बनवलंय. याच्याहून मोठा तज्ज्ञ आणायचा कुठून? एकदा उघडलेलं पान म्हणजे कुतूहल असू शकतं. ८४ वेळा उघडलेलं पान म्हणजे ध्यास.

पण तीच फाइल शेरीफच्या कार्यालयाने २००८ मध्येच 'नेटअ‍ॅनालिसिस' या दुसऱ्या सॉफ्टवेअरने वाचली होती. त्यात त्या पानासमोर आकडा होता १. बचाव पक्षाने तो अहवाल बनवणाऱ्या अधिकाऱ्यालाच साक्षीला बोलावून हे ज्युरीपुढे आणलं.

८४ आला कुठून?

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून थोडं थांबते.

त्या काळचा फायरफॉक्स इतिहास 'मॉर्क' नावाच्या फाइल-रचनेत साठवायचा. ही रचना नेटस्केपच्या दिवसांतली. वाचायला इतकी किचकट, की नेटस्केपमध्येच काम केलेल्या एका प्रोग्रॅमरने तिला जाहीर शिव्या घातल्या होत्या. जून २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आला आणि मॉर्क बाद झाली. आपली फाइल मात्र मार्चची, म्हणजे मॉर्कचीच.

मॉर्कमध्ये जागा वाचवायची एक युक्ती होती. एखादं पान पहिल्यांदा उघडलं की 'किती वेळा' हा रकाना लिहिलाच जात नसे. रकाना नाही याचा अर्थ एकदा. दुसऱ्यांदा उघडलं की मगच आकडा यायचा. क्लोरोफॉर्मच्या पानाच्या नोंदीत हा रकाना नव्हता, म्हणजे भेट एकच. ८४ हा आकडा त्याच फाइलमधल्या दुसऱ्या नोंदीचा, मायस्पेस या साइटचा होता. कॅशबॅकने नोंदींच्या सीमा नीट ओळखल्या नाहीत आणि एकाचा आकडा दुसऱ्याला चिकटवला.

म्हणजे ब्रॅडली खोटं बोलत नव्हते. सॉफ्टवेअरने दाखवलं ते त्यांनी सांगितलं. पुढे त्यांनीच फाइल पुन्हा तपासली, चूक मान्य केली आणि सरकारी पक्षाला कळवलं. खटल्यानंतर जुलै २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी दिली. सरकारी वकिलांनी हे कुणाला, कधी आणि किती स्पष्टपणे सांगितलं यावर वाद झाला. पण आपली चूक आपणच शोधून सांगणं सोपं नसतं. माझ्या आलेखाच्या वेळी ज्युनिअर नसता तर मी ते केलं असतं का, खात्री नाही.

५ जुलैला निकाल लागला. खुनाच्या आरोपातून केसी निर्दोष. पोलिसांना खोटी माहिती दिल्याबद्दल दोषी.

थांबा, गोष्ट इथे संपत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये ऑर्लँडोच्या एका टीव्ही वाहिनीने दाखवून दिलं की १६ जून २००८ या कळीच्या दिवसाचा इतिहास काढताना तपासनिसांनी फक्त इंटरनेट एक्सप्लोररच्या १७ नोंदी घेतल्या होत्या. केसी बहुतेक वेळा फायरफॉक्स वापरायची. फायरफॉक्सच्या १,२०० हून जास्त नोंदी राहूनच गेल्या, आणि त्यात गुदमरवण्याच्या हमखास उपायाचा शोधही होता. शेरीफच्या कार्यालयाने ही चूक कबूल केली. तो शोध कुणी घेतला हा वेगळा प्रश्न, पण ज्युरीपुढे तो आलाच नाही. एकाच संगणकाच्या तपासात एक चूक आरोपीच्या विरुद्ध गेली आणि दुसरी आरोपीच्या बाजूने. त्यामुळे "बिचारीला अडकवलं" किंवा "सुटली एकदाची" असा सोपा धडा यातून काढू नका.

दुसरा खटला: उत्तर कॅरोलिना

ऑर्लँडोची सुनावणी सुरू होण्याच्या १९ दिवस आधी, ५ मे २०११ रोजी, ब्रॅड कूपरला पत्नी नॅन्सीच्या खुनाबद्दल दोषी ठरवलं गेलं. नॅन्सी १२ जुलै २००८ ला केरी या गावातून नाहीशी झाली आणि दोन दिवसांनी तिचा मृतदेह मिळाला. ब्रॅड सिस्को कंपनीत काम करायचा. मुख्य पुरावा त्याच्या लॅपटॉपमधला: नॅन्सी नाहीशी होण्याच्या आदल्या दिवशी गूगल मॅप्सवर मृतदेह मिळाला नेमका तोच भाग पाहिला गेला होता.

बचावाचं म्हणणं होतं की या फाइलींच्या वेळेच्या नोंदी विचित्र आहेत आणि त्या बाहेरून घुसवल्या असाव्यात. हे सांगायला त्यांनी नेटवर्क-सुरक्षेतला अनुभवी माणूस आणला. न्यायाधीशांनी त्याला नेटवर्कबद्दल बोलू दिलं, पण गूगल मॅप्सच्या फाइलींबद्दल नाही. कारण? तो 'फॉरेन्सिक' तज्ज्ञ नव्हता. मग बचावाने फॉरेन्सिक तज्ज्ञ आणला, तर नाव उशिरा कळवलं म्हणून तोही बाद. एफबीआयने नेमकी कोणती पद्धत वापरली हे मागितलं, तर राष्ट्रीय सुरक्षेचं कारण पुढे आलं.

सप्टेंबर २०१३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने फेरखटल्याचा आदेश दिला. त्या साक्षीदाराकडे अनुभवातून आलेलं पुरेसं ज्ञान होतं, त्याला बोलू द्यायला हवं होतं, असं न्यायालयाने म्हटलं. फेरखटला झालाच नाही. २०१४ मध्ये ब्रॅडने कमी गंभीर प्रतीच्या खुनाचा गुन्हा कबूल केला. म्हणजे ज्याला बोलू दिलं नाही त्याचा दावा बरोबर होता असंही नाही. पण तो चूक होता हे तपासायची जागा न्यायालयच होती, आणि तिथे ते झालं नाही.

माणूस की पद्धत?

आता दोन्ही खटले शेजारी ठेवा. पहिल्यात 'हा कोण आहे' याचं उत्तर भारी होतं म्हणून आकडा आत आला. दुसऱ्यात 'हा कोण आहे' याचं उत्तर पसंत पडलं नाही म्हणून दावा बाहेर राहिला. 'हे तुला कसं कळलं, आणि दुसऱ्या कुणी केलं तर हेच येईल का' हा प्रश्न दोन्हीकडे मागे पडला.

तसं हा प्रश्न नवा नाही. १९२३ मध्ये फ्राय नावाच्या आरोपीच्या खून-खटल्यात रक्तदाबावरून खोटं ओळखण्याची चाचणी पुढे आली, तेव्हा न्यायालयाने ठरवलं की पद्धतीला त्या क्षेत्रात सर्वसाधारण मान्यता हवी. १९९३ च्या डॉबर्ट निकालाने पुढचं पाऊल टाकलं: पद्धत तपासून पाहता येते का, तिच्यात चुका किती होतात, हे न्यायाधीशांनी बघावं. कागदावर हे छानच आहे. पण सॉफ्टवेअर आलं की पद्धत डब्याच्या आत जाते आणि न्यायालयाला दिसतो तो फक्त डबा उघडणारा माणूस.

आपल्याकडे काय?

२०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन खोतकर प्रकरणात, म्हणजे आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या वादात, सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात या प्रमाणपत्राचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो आणि फाइलची हॅश किंमतही द्यायची असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा: एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो.

ही सुधारणा चांगलीच आहे. पण ऑर्लँडोच्या फाइलला ती लावून बघा. फाइल मूळचीच होती, कुणी बदलली नव्हती. हॅश तंतोतंत जुळली असती, प्रमाणपत्रावर सही झाली असती, आणि तरीही आकडा ८४ च आला असता. फाइल अस्सल आहे हे हॅश सांगते. ती बरोबर वाचली गेली की नाही, हे सांगत नाही.

त्याला उपाय एकच, आणि तो आमच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या मुलांनाही शिकवतात: दुसऱ्या साधनाने पुन्हा करून बघा, आणि दोन उत्तरं वेगळी आली तर कच्ची फाइल उघडून रकाना स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ऑर्लँडोत दुसरं उत्तर २००८ पासून फाइलीत पडून होतं. १ आणि ८४ यांत एवढी तफावत का, हे विचारायला साक्षीच्या आधी जवळजवळ तीन वर्षं होती.

पुढच्या लेखात मॉर्कची एक खरी नोंद घेऊन ती ओळीओळीने वाचून दाखवते. माझीच घेणार आहे. जुन्या लॅपटॉपवर सापडली, आणि तिच्यातही बराच ऑर्कुट आहे.