१९८२च्या आधी कोण जिंकलं होतं?

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू या. अमेरिकेतल्या महिला कॉलेज सॉफ्टबॉलची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीज. तिचा पहिला विजेता कोण? तिथल्या कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेची नोंद सांगते : यूसीएलए, १९८२. उत्तर खोटं नाही. पण स्पर्धा तर १९६९पासून चालू होती! मग मधली तेरा वर्षं गेली कुठे?

सॉफ्टबॉल आपल्याला परका नाही. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांतून तो खेळलेल्या मुली या सभागृहातही असतील. खेळाचा जन्म १८८७चा, शिकागोतला. बोटक्लबमध्ये बसलेल्या मंडळींनी गुंडाळून बांधलेला बॉक्सिंगचा ग्लोव्ह हा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट केली. म्हणजे मूळ खेळ घरातल्या घरात, थंडीत वेळ घालवायला. पुढे तो मैदानावर आला आणि बायकांनी उचलून धरला.

१९६९मध्ये नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात कॉलेजच्या मुलींची पहिली स्पर्धा भरली. याच शहरात मुलांची बेसबॉलची कॉलेज वर्ल्ड सिरीज १९५०पासून होत होती, त्यावरूनच हे नाव आलं. आयोजनात कॉनी क्लॉसेन या तिथल्या विद्यापीठातल्या शिक्षिकेचा मोठा वाटा. पहिली तीन विजेतेपदं पटकावली ती वाहू नावाच्या छोट्या गावातल्या जॉन एफ. केनेडी कॉलेजनं. सलग तीन! हे कॉलेज १९७५मध्ये बंद पडलं. आपल्या विजेतेपदांसाठी भांडायला आज ते कॉलेजच उरलेलं नाही, हे लक्षात ठेवू या.

आता १९७३चा अंतिम सामना बघा. ॲरिझोना स्टेट विरुद्ध इलिनॉय स्टेट. दोनदा हरल्याशिवाय संघ बाद होत नाही, असा नियम. त्यामुळे विजेता ठरवायला दोन सामने खेळावे लागले. सॉफ्टबॉलचा सामना एरवी सात इनिंगचा, पण हे दोन्ही लांबतच गेले. दुसरा तर सोळा इनिंगपर्यंत गेला आणि इलिनॉय ४-३ असं हरलं. दोन्ही सामने मिळून तीस इनिंग, आणि इलिनॉयकडून त्या साऱ्या एकाच मुलीनं टाकल्या. तिचं नाव मार्जी राइट. पुढे प्रशिक्षक म्हणून तिनं फ्रेस्नो स्टेटला १९९८चं विजेतेपद मिळवून दिलं. ते एनसीएएच्या वहीत आहे. त्या तीस इनिंग मात्र नाहीत.

कारण तेव्हा एनसीएएला मुलींच्या खेळांशी देणंघेणं नव्हतं. १९७१मध्ये मुलींच्या खेळांसाठी एआयएडब्ल्यू ही वेगळी संघटना उभी राहिली आणि ती चालवत होत्या बायकाच, बहुतेक शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिका. १९७२मध्ये 'टायटल नाइन' कायदा आला : सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालणार नाही. एनसीएएनं आधी या कायद्याला कडाडून विरोध केला. पण मुलींच्या खेळांत पैसा आणि प्रेक्षक येणार असं दिसू लागल्यावर, जानेवारी १९८१मध्ये, त्याच एनसीएएनं मुलींच्या मुख्य विभागाच्या स्पर्धाही आपणच भरवायचं ठरवलं. सदस्य कॉलेजांना वेगळी वर्गणी नाही, शिवाय प्रवासखर्चही देऊ. आता कोणतं कॉलेज नाही म्हणेल?

१९८२मध्ये दोन विजेते झाले. ओमाहात एनसीएएच्या स्पर्धेत यूसीएलए, तर ओक्लाहोमातल्या नॉर्मनमध्ये एआयएडब्ल्यूच्या स्पर्धेत टेक्सास ए अँड एम. त्यानंतर एआयएडब्ल्यू संपली. मक्तेदारीविरोधी कायद्याखाली ती कोर्टात गेली आणि हरली. जाता जाता एक सांगतो : १९७२मध्ये मुलींच्या कॉलेज संघांच्या दर दहा प्रशिक्षकांपैकी नऊ बायका होत्या. पुढे हे प्रमाण निम्म्याच्याही खाली घसरलं. मुलींना मैदान मिळालं, पण ते चालवणाऱ्या बायकांच्या हातातून कारभार गेला. आम्हाला वाटतं, कायद्याचं कौतुक करताना ही बाजू फारच कमी सांगितली जाते.

पुन्हा नोंदीकडे येऊ. यूसीएलएनं १९९५मध्येही स्पर्धा जिंकली होती. शिष्यवृत्त्यांचे नियम मोडल्याबद्दल ते विजेतेपद काढून घेतलं गेलं. ती शिक्षा होती, समजू शकतो. पण वाहूच्या मुलींनी कुठला नियम मोडला होता? यूसीएलए स्वतः मात्र १९७८चं, एआयएडब्ल्यूच्या काळातलं, विजेतेपद आपल्या यादीत धरते आणि एकूण तेरा सांगते. एनसीएएच्या हिशेबात तीच संख्या बारा.