मुंबईची वेळ

इसवी सन १९०६ च्या जानेवारी महिन्याच्या पहिल्या तारखेस मुंबईतील सरकारी कचेऱ्यांची घड्याळे ३९ मिनिटे पुढे सरकविण्यात आली, आणि तेथून पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ या एकाच शहरात दोन वेळा शेजारी शेजारी नांदल्या. ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असणारी ‘स्टँडर्ड’ वेळ ही तार, टपाल, आगगाडी आणि सरकारी दफ्तर यांची. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असणारी, या बेटाच्या माथ्यावरून जाणाऱ्या सूर्यावरून ठरलेली ‘मुंबई वेळ’ ही नगरपालिकेची आणि पुष्कळशा घरांची. आज हा सगळा प्रकार एका शहराचा विक्षिप्त हट्ट वाटण्याचा संभव आहे. मला तो तसा वाटत नाही. यंत्र घरात घ्यावे, कामावर वापरावे, त्याच्या अचूकपणाचा पुरेपूर लाभ घ्यावा, मात्र त्याचा अंमल कोठवर चालावा याचा निवाडा आपल्या हाती ठेवावा, ही जी समज मुंबईच्या सामान्य माणसाने त्या काळात दाखविली, तिला आपल्या सामाजिक इतिहासात मिळावयास हवे होते तेवढे स्थान मिळालेले नाही.

ही समज घड्याळाबरोबर आली नाही. ती त्याआधीची आहे. आपल्याकडे कालमापनाचे गृहोपयोगी साधन म्हणजे घटिकापात्र. तांब्याची एक लहानशी वाटी, तिच्या बुडाला बारीक छिद्र; पाण्याने भरलेल्या घंगाळात ती अलगद सोडली की छिद्रातून पाणी आत चढत जाते आणि २४ मिनिटांनी, म्हणजे एक घटिका भरताच, वाटी बुडते. अशा ६० घटिकांचे अहोरात्र, आणि त्याचा आरंभ सूर्योदयापासून; त्यामुळे प्रत्येक गावाची वेळ त्या गावाच्या सूर्यावर अवलंबून असे आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नसे. लग्नघरी सूर्यबिंब क्षितिजावर दिसताच जोशीबुवांनी पात्र पाण्यात सोडावे, ते बुडाले की पुन्हा रिकामे करून सोडावे, आणि मुहूर्ताची घटिका भरेपर्यंत कोणी तरी जाणता मनुष्य त्यावर डोळा ठेवून बसावा, असा रिवाज होता. हे साधन रोज कोणी बाहेर काढीत नसे. नांगर धरण्यास, जात्यावर बसण्यास किंवा गुरे सोडण्यास घटका मोजण्याची गरज नव्हती. लग्न, मुंज किंवा जन्मवेळ असा प्रसंग आला म्हणजेच त्याचे काम पडे, आणि प्रसंग उरकला की वाटी पुन्हा फडताळात जाई. साधनाची जागा आणि मुदत या दोन्ही गोष्टी घरातील माणसांनी ठरविलेल्या होत्या.

मुंबईत यांत्रिक घड्याळाचा खरा अधिकार सुरू झाला तो समुद्राच्या बाजूने. जहाजांना रेखांश काढण्यासाठी बिनचूक वेळ लागे, आणि ती पुरविण्यासाठी कंपनी सरकारने १८२६ मध्ये कुलाब्यास वेधशाळा उभारली. या वेधशाळेशी दोन मराठी नावे निगडित आहेत, आणि ती दोन्ही मला फार महत्त्वाची वाटतात. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ तिचा कारभार पाहिला, आणि नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी ऐन तारुण्यात तेथे निरीक्षकाचे काम केले. त्याच केरोपंतांनी पुढे ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ सिद्ध करून आकाशातील प्रत्यक्ष वेधांशी जुळणारे पंचांग निघावे म्हणून आपली विद्वत्ता वेचली, आणि त्या खटपटीतून पटवर्धनी पंचांग जन्मास आले. ज्या माणसाने साहेबाच्या वेधशाळेत ताऱ्यांच्या नोंदी केल्या, त्याने त्या ज्ञानाचा विनियोग गृहस्थाच्या एकादशी-संक्रांतीचा हिशेब शुद्ध करण्याकडे केला, ही घटना साधी नव्हे. छापलेले पंचांगही तोवर घरोघरी रुळू लागले होते. गणपत कृष्णाजींनी आपल्या छापखान्यातून १८३१ साली ते प्रथम काढले. नवे साधन जुन्या प्रयोजनाच्या सेवेस लावावे, आणि तसे करताना ते प्रयोजनही तपासून घ्यावे, हा केरोपंतांचा मार्ग होता.

आगगाडीने मात्र हा समतोल बिघडविला. १८५३ च्या एप्रिलात बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली तेव्हा मुंबईची वेळ मुंबईपुरती पुरेशी होती. परंतु लोहमार्ग घाट चढून देशभर पसरले, मद्रासच्या मार्गाशी जोडले गेले, आणि सर्व गाड्या एका घड्याळावर चालविण्याचे ठरले तेव्हा त्या मानाने मद्रासच्या वेधशाळेची वेळ मध्यवर्ती म्हणून निवडण्यात आली. ही वेळ मुंबईच्या सुमारे अर्धा तास पुढे. रेल्वेपुरते हे योग्यच होते, आणि त्याबद्दल कोणी फारशी तक्रार केल्याचे दिसत नाही. स्टेशनावर जाताना अर्धा तास वजा करावयास मुंबईकर लवकरच शिकले. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी हीच मद्रास वेळ शहराच्या सरकारी कामकाजालाही लागू करण्याचा हुकूम काढला, तेव्हा लोक खवळले. शहराच्या चालीरीतींत ढवळाढवळ करावयाची आणि शहराला विचारावयाचेही नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. विरोध एवढा झाला की १८८३ मध्ये तो हुकूम मागे घ्यावा लागला.

राजाबाई मनोऱ्यावरील घड्याळाची हकिकत याच काळातील. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८७८ मध्ये पुऱ्या झालेल्या या मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव दिलेले आहे. त्या जैन धर्माचे नियम पाळणाऱ्या आणि दृष्टीने अधू असल्यामुळे सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ त्यांना घंटेवरून कळत असे, अशी आख्यायिका मुंबईत सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, एका गृहिणीचे व्रत आणि विद्यापीठाचे भव्य घड्याळ यांचा मेळ घालावासा लोकांना वाटला, यातच त्या शहराची मनोवृत्ती प्रकट होते. त्या घड्याळाने कोणती वेळ दाखवावी हा प्रश्न विद्यापीठाच्या सिनेटपुढे आला, आणि विद्वानांच्या त्या सभेनेही मुंबई वेळेच्याच बाजूने कौल दिला. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या माणसाला मद्रासचा सूर्य काय कामाचा?

परंतु या साऱ्या प्रकरणाचा गाभा गिरणगावात आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी-कामगारांची सभा भरवून सरकारकडे जो अर्ज केला, त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा आणि वेळेवर पगार यांबरोबरच एक मागणी अशी होती की, काम सकाळी साडेसहास सुरू व्हावे आणि सूर्यास्तास थांबावे. ही मागणी बारकाईने वाचण्यासारखी आहे. दिवसाचे एक टोक घड्याळाला बांधलेले, दुसरे सूर्याला. पौष-माघात मुंबईचा सूर्य मुंबई वेळेने साडेसहाच्या सुमारासच उगवतो. म्हणजे वर्षातील एकाही दिवशी कामगाराला काळोखात साच्यापुढे उभे राहावे लागू नये, आणि उन्हाळ्यात पहाट लवकर उजाडते म्हणून मालकाने त्याला पाच वाजता ओढून नेऊ नये, एवढा बंदोबस्त त्या एका आकड्यात साधला होता. संध्याकाळी मात्र घड्याळावर विश्वास नको, कारण त्याचे काटे मालकाच्या ताब्यात. सूर्याचे काटे कोणालाच फिरविता येत नाहीत. लोखंड्यांच्या मागे उभ्या असलेल्या कामगारांत अक्षरओळख थोड्यांनाच असेल, पण कोणत्या साधनाचा भरवसा कोठे धरावा याविषयीचा त्यांचा हा विवेक एखाद्या निष्णात कायदेपंडिताला शोभेल असा होता.

पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची ती नैसर्गिक मर्यादा पुसली गेली. काही गिरण्या १४-१५ तास चालू लागल्या. अशा वेळी १९०६ च्या जानेवारीत स्टँडर्ड वेळ आली. त्या वेळेने गिरणीच्या घड्याळात सहा वाजत तेव्हा मुंबईच्या सूर्याचे साडेपाचही झालेले नसत आणि त्या दिवसांत सूर्योदयाला तासाहून अधिक अवकाश असे. परळ-लालबागच्या खोलीतील बाईने नळावर जाऊन पाणी भरावे, चूल पेटवावी, भाकऱ्या थापाव्यात आणि भोंगा होण्यापूर्वी घरधन्याच्या हाती डबा द्यावा, या साखळीतील प्रत्येक काम ३९ मिनिटे अलीकडे ओढले गेले. कित्येक घरांत तीच बाई पुढे स्वतः गिरणीच्या वाइंडिंग खात्यात कामाला जाई. ज्यांनी तो हुकूम लिहिला त्यांच्या मनात तारयंत्राची सोय होती, आणि ती सोय खोटी नव्हती. पण त्या सोयीची किंमत कोणत्या घरातून वसूल होणार याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही. त्याच महिन्यात जेकब ससून गिरणीतील कामगारांनी काम बंद केले आणि गिरणीच्या घड्याळावर दगड फेकले. त्यांना यंत्राचे वैरी ठरविणे अन्यायाचे होईल. हीच माणसे रोज साच्यावर हुकमतीने काम करीत होती, घड्याळाच्या हिशेबाने सुट्टी मागत होती. त्यांचे भांडण काटे फिरविणाऱ्या हाताशी होते.

नगरपालिकेने त्याच वर्षी आपली घड्याळे मुंबई वेळेवर ठेवण्याचे ठरविले, आणि मग दुहेरी वेळेचा तो दीर्घ कालखंड सुरू झाला. गैरसोय होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. सभेच्या पत्रकात, लग्नपत्रिकेत, नाटकाच्या जाहिरातीत वेळ छापावयाची तर ती कोणत्या घड्याळाची हे सांगणे भाग पडे, आणि परगावच्या पाहुण्याची फसगत व्हावयाची ती होईच. तथापि लोकांनी ही व्यवस्था चालविली. गाडी पकडावयाची ती एका वेळेने, जेवावयाचे ते दुसऱ्या वेळेने, आणि मुहूर्त साधावयाचा तो पंचांगातील घटिका-पळांनी, अशी तिन्ही मापे एकाच घरात वापरात होती आणि प्रत्येकाची हद्द घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक होती. महायुद्धात, १९४२ पासून १९४५ पर्यंत, सरकारी वेळ आणखी एक तास पुढे ढकलण्यात आली तेव्हा दोन घड्याळांतील अंतर ९९ मिनिटांवर गेले. तरीही मुंबई वेळ टिकली. ती मावळली स्वराज्य आल्यानंतर, १९५० च्या सुमारास.

ती मावळण्याचे एक कारण माझ्या मते असे की, तोवर तिच्यावर सोपविलेले रक्षणाचे काम दुसऱ्याने पत्करले होते. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस १२ तासांचा ठरविला; १९२२ मध्ये आठवड्याचे ६० तास ठरले, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ५४, आणि १९४८ च्या कायद्याने ४८. लोखंड्यांना जो भरवसा सूर्यास्तावर ठेवावा लागला, तो आता कायद्याच्या कलमावर ठेवता येऊ लागला. आणि ज्या घड्याळाची कामगाराला एकदा धास्ती होती त्याच घड्याळाकडे बोट दाखवून तो जादा कामाचा जादा मोबदला मागू लागला.

स्थानिक सूर्याचा हिशेब मात्र अजून संपलेला नाही. १९७३ पासून निघणाऱ्या जयंतराव साळगावकरांच्या ‘कालनिर्णय’ने पंचांग भिंतीवर टांगले, त्यात तिथी कधी संपते ते स्टँडर्ड वेळेच्या तास-मिनिटांत दिले, आणि त्याच कागदावर घरोघरच्या गृहिणींनी दुधाचा हिशेब लिहावयास सुरुवात केली. सूर्योदयाचे आकडे मात्र आपल्या पंचांगांत गावोगावचे निरनिराळेच द्यावे लागतात. नागपूरचा सूर्य मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे आधी उगवतो, आणि सूर्योदयास जी तिथी तीच त्या दिवसाची, हा नियम लावताना एखाद्या वर्षी त्या २५ मिनिटांत तिथी पालटली तर नागपूरकरांचा आणि मुंबईकरांचा एकच सण दोन वेगळ्या दिवशी येऊ शकतो.