मासे कशाने मेले?

मागच्या पावसाळ्यात एका दुपारी ठाण्याहून भाच्याचा फोन आला. कामाच्या वेळेत फोन करणाऱ्यातला तो नाही, त्यामुळे छातीत धस्स झाले.

"मावशी, मासे गेले गं सगळे. तीन दिवसांत सहा. एकच उरलाय."

दोन वर्षांपूर्वी त्याने लेकीसाठी खाऱ्या पाण्याचा फिश टँक घेतला होता. गोड्या पाण्यातले गोल्डफिश वेगळे आणि हे समुद्रातले रंगीत मासे वेगळे, हे मला तेव्हाच कळले. खर्च विचारू नका! नात त्यातल्या केशरी पट्ट्यांच्या जोडीला रोज शाळेत जाताना टाटा करायची.

"बाईंनी टँकजवळची फरशी फिनेलने पुसली. शंभरदा सांगितलंय त्यांना. आता उद्यापासून येऊ नका म्हणून सांगतो."

मी चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. मासा मला फक्त ताटातला कळतो. पण "पुरावा काय?" हे विचारायची खोड काही जात नाही. विचारले. मेलेले मासे कचऱ्यात गेले होते, निम्मे पाणी बदलून झाले होते आणि दुकानदाराने दिलेले कसलेसे औषध ओतून झाले होते. म्हणजे साक्षीदारही गेले आणि कागदपत्रेही. मी म्हटले, "बाबा रे, त्या बाईंना दोन दिवस काही बोलू नकोस. मला जरा वाचू दे."

वाचायला बसले आणि नेहमीप्रमाणे इतिहासात शिरले. मंडळी, पेटीतला मासा अचानक का मरतो, या प्रश्नाला पावणेदोनशे वर्षे होत आली. त्यातली शंभरेक वर्षे संशयित एकच होता, तो म्हणजे पाणी.

सुरुवात एका बाईंपासून होते. अ‍ॅना थिन या लंडनच्या पाद्रीणबाई. यजमान वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत मोठ्या पदावर. १८४६ साली त्या टॉर्की या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि तिथले छोटे प्रवाळ त्यांना इतके आवडले, की दगडी बरणीत घालून लंडनला आणले. गाडीत हिंदकळू नयेत म्हणून सुईदोऱ्याने स्पंजावर टाचून! लंडनला समुद्र नाही. काही दिवस किनाऱ्यावरून ताजे पाणी मागवले, पुढे ते जमेना. मग त्यांनी उपाय काढला. उघड्या खिडकीपाशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राहायचे, म्हणजे त्यात हवा मिसळते. चहा निववायला आपण करतो तसेच. हे दमवणारे काम कोण करी? घरातली एक लहान मोलकरीण. तिला त्यात गंमत वाटे, असे बाईंनी लिहून ठेवले आहे. मोलकरणीला काय वाटे ते तिने लिहिलेले नाही. १८४७ पासून थिनबाईंनी पाण्यात समुद्री वनस्पतीही घातल्या आणि प्रवाळ तगले.

त्याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनशास्त्रज्ञ हाच प्रयोग गोड्या पाण्यात करत होता. दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, हिशेब सोपा. पण गळलेली पाने कुजून बुळबुळीत थर जमू लागला. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या, त्यांनी तो मळ खाल्ला आणि पाणी निवळले. १८५० मध्ये त्याने हे मांडले. पुढे १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे पुस्तक आले आणि घरोघरी काचपेट्यांचे वेड शिरले. वेड शिरले तसे ओसरलेही, कारण पेट्यांचे पाणी नासे आणि सकाळी मासे उलटे तरंगताना दिसत.

या काळातला माझा आवडता माणूस म्हणजे विल्यम अ‍ॅल्फर्ड लॉइड. हा काही विद्यापीठातला विद्वान नव्हे, लंडनमध्ये मत्स्यालयाच्या सामानाचे दुकान चालवणारा. १८५८ मध्ये त्याने मालाची जाडजूड यादी छापली होती. १८६४ मध्ये हँबुर्गला आणि १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला त्याने मोठी मत्स्यालये उभी केली. त्याचे म्हणणे असे, की समुद्राचे पाणी फेकायचे नसते, फिरवायचे असते. दिसणाऱ्या टाक्यांच्या कितीतरी पट मोठा हौद खाली अंधारात ठेवायचा आणि पंपाने तेच पाणी रात्रंदिवस फिरवत राहायचे. पाणी जुने होईल तसे सुधारते! ताजे ते चांगले मानणाऱ्या लोकांना हे विचित्रच वाटले असणार.

लॉइडला वाटे की हवेतला प्राणवायूच पाण्यातली घाण जाळतो. कृती बरोबर, कारण अर्धवट. खरे काम करत होते जिवाणू. मासे कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात, तो विषारी असतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. १८९० च्या आसपास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखवले. लॉइड १८८० मध्येच गेला होता. असो.

नव्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे वाढलेले नसतात, म्हणून घाईने मासे सोडले की मरतात. समुद्राचे पाणी अल्कधर्मी असल्याने त्यात अमोनियाचे विषारी रूप जास्त असते, शिवाय खाऱ्या पाण्यात प्राणवायूही गोड्यापेक्षा कमी विरघळतो. म्हणून मासे धापा टाकू लागले की आजही पहिली चाचणी अमोनियाची करायची. मी भाच्याला तेवढी करायला सांगितली. संध्याकाळी निरोप आला, अमोनिया शून्य. पण निम्मे पाणी आधीच बदललेले, त्यामुळे या साक्षीवर पूर्ण भरवसा ठेवता येईना.

पाणी शुद्ध असूनही मासे मरतात, तेव्हा काय? हे समजायला १९३१ साल उजाडावे लागले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२४ मध्ये नवे, भव्य मत्स्यालय उघडले होते. (ते २०१९ मध्ये बंद झाले.) तिथल्या समुद्री माशांच्या कल्ल्यांवर आणि कातडीवर ई. एम. ब्राऊन यांना सूक्ष्मदर्शकाखाली एक नवाच परजीवी सापडला. १९३१ मध्ये त्यांनी छोटी टिपणी लिहिली आणि १९३४ मध्ये सविस्तर लेख. तेव्हा ठेवलेले नाव ऊडिनियम, आज त्याला अ‍ॅमायलोऊडिनियम म्हणतात. हौशी लोक म्हणतात मखमल, कारण रोग वाढला की माशाच्या अंगावर सोनेरी धुळीची साय धरल्यासारखी दिसते.

कोकणात काही रात्री लाटा फुटताना निळ्या चमकतात ना, तो प्रकाश देणाऱ्या सूक्ष्म जीवांचाच हा भाऊबंद. पण हा मुळांसारखे धागे कल्ल्यात रोवतो आणि काही दिवस माशावर पोसतो. मग सुटून तळाशी जातो, कवच करतो आणि आत दोनाचे चार, चाराचे आठ असा विभागत २५६ पर्यंत पिल्ले होतात. ती पोहत नवा मासा शोधतात. १९३६ मध्ये न्यूयॉर्क मत्स्यालयाचे रॉस निग्रेली यांनीही या जीवनक्रमाचा बारकाईने अभ्यास केला.

अथांग समुद्रात त्या २५६ पैकी एखाद्यालाच मासा सापडत असेल. काचपेटीत माशाला पळायला जागाच नाही. आणि इथे मला लॉइड आठवला. ज्या फिरत्या पाण्याने मासे जगवले, त्याच पाण्याने एका टाकीतला रोग दुसऱ्या टाकीत नेण्याची वाटही खुली केली. हे माझे अनुमान आहे, कुठे वाचलेले नाही.

या रोगाची खरी लबाडी पुढेच आहे. तो आधी कल्ल्यांत बसतो. अंगावरची धूळ दिसायच्या आतच मासा गुदमरून मरू शकतो, जोराची लागण असेल तर बारा तासांतही. मालकाला वाटते, काल तर ठणठणीत होता! आणि मासा मेला की परजीवी त्याला सोडून जातो. शिळा मेलेला मासा तपासला तर काहीच हाती लागत नाही. खुनी पसार, हत्यारही गायब.

याचा चुलतभाऊ शोभेल असा दुसरा रोग म्हणजे पांढरे ठिपके. तो निदान दिसतो तरी, मिठाचे खडे शिंपडल्यासारखा. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ मध्ये त्याचे वर्णन केले आणि १९५१ मध्ये त्याला क्रिप्टोकॅरिऑन हे नाव दिले ते पुन्हा ब्राऊन यांनीच. हे ठिपके बहुधा रात्री अंधारात मासा सोडतात. सकाळी मालकाला ठिपके गेलेले दिसतात, तो औषधाला श्रेय देतो आणि चार-आठ दिवसांनी दसपट ठिपके उगवतात.

मखमलीवर उपाय सांगितला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयाच्या रॉबर्ट डेम्प्स्टर यांनी, १९५५ मध्ये. औषध कोणते, तर मोरचूद! नाशिककडचे द्राक्षबागाईतदार बोर्डो मिश्रणात घालतात तेच. मात्र प्रमाण अगदी जपून, लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे. कमी पडले तर परजीवी मरत नाही, जास्त झाले तर मासाच जातो. आणि कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना तर तेवढेही विषच.

कोळंबी! इथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रात्रीचे साडेदहा झाले होते, तरी फोन लावला.

"अरे, टँकमध्ये कोळंबी-बिळंबी आहे का?"

"आहे ना. दोन कोळंब्या, तीनचार शंखातले खेकडे. मजेत आहेत. का गं?"

फिनेल पाण्यात गेले असते तर ही मंडळी मजेत राहिली असती का? विष सगळ्यांना एकदमच गाठते, मासे तीन दिवस रांग लावून मरत नाहीत. मग विचारले, सर्वांत आधी कोण गेले? थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, निळा मासा, नातीच्या भाषेत 'डोरी'. कधी आणला होता? दहा-बारा दिवसांपूर्वी. आणला तो थेट सगळ्यांत सोडला. जाणकार लोक नवा मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतात, ते याने केले नव्हते.

उरलेला डॅमसेल मासा पंपाच्या धारेसमोर तोंड करून धापा टाकत होता. दुसऱ्या दिवशी भाच्याने, एका जाणकार मित्राला सोबत घेऊन, त्याला काही मिनिटे गोड्या पाण्यात ठेवले. पाण्याची उष्णता आणि सामू टँकइतकाच राखून, नाहीतर त्यानेच मासा जातो. या आंघोळीत परजीवी सुटून खाली बसतात. तळाचे पाणी बाटलीत भरले. माझी एक जुनी सहकारी ठाण्यातच विज्ञान शिकवते, तिने शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला आणि मोबाइलवर फोटो पाठवला. काळपट तपकिरी, लांबट गोल दाणे. ब्राऊन यांच्या लेखाला नव्वदहून अधिक वर्षे झाली आणि तेच दाणे ठाण्यातल्या सातवीच्या वर्गात! मला भरून आले म्हटले तर तुम्ही हसाल.

डॅमसेल वाचला नाही. उशीर झाला होता. भाच्याने टँक सहा आठवडे माशांशिवाय चालू ठेवला, म्हणजे परजीवीला यजमान न मिळून तो उपाशी मरतो. कोळंब्या होत्या तशाच. नातीने त्यांनाच टाटा करायला सुरुवात केली.

कामाच्या बाईंना त्याने येऊ नका असे सांगितले नाही. पण तीन दिवस घरात जे मोठ्याने बोलणे झाले ते त्यांच्या कानांवर गेले होतेच. गणपतीत मी ठाण्याला गेले तेव्हा पाहिले, त्या अजूनही फरशी साध्या पाण्याने पुसतात आणि टँकभोवतीचा दोन हातांचा पट्टा कोरडाच सोडतात. भाच्याला म्हटले, "तू त्यांना नीट सांगितलंस का, की मासे कशाने मेले ते?"

"सांगतो गं," म्हणाला.

मी तो शाळेतला फोटो मोठा करून छापून आणला होता. त्या दुपारी दिवाणखान्यात बसून मीच त्यांना दाखवला. त्यांनी डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि विचारले, "एवढ्याशा यांनी मारले? मग मेल्यावर हे कुठं जातात?"